सातचं बटण

डेकाटेकाकांकडे गेलं की आधी हात मागे बांधावे लागत. मग टेबलावरचा मखमली रुमाल उचलला जाई आणि खाली दिसे त्यांचा कॅलक्युलेटर. "म्युझियमात ठेवायची वस्तू आहे ही. पाहा, पण हात नका लावू." म्युझियम म्हणजे त्यांची धंतोलीतली बैठकीची खोली, आणि पहारेकरी ते स्वतः.

मेहुण्याने तो जपानहून आणला होता. आमच्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि हे विसरायची सोय काकांनी कोणालाच ठेवली नव्हती. "थांब गा, मशीनले विचारू," हे त्यांचं पालुपद. चौघांना दोन-दोन जिलेब्या द्यायच्या तर काका चष्मा लावत, बटणं दाबत आणि लाल आकडा उमटला की विजयी मुद्रेने सांगत, "आठ." तोवर पोरांनी जिलेब्या संपवलेल्या असत.

काकूंना मशीनचं काही अप्रूप नव्हतं. पण घरात आलंय म्हणजे खंडेनवमीला पुजायला हवं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. विळी, कातर, शिवणयंत्र यांच्या रांगेत त्यांनी कॅलक्युलेटर मांडला आणि ओल्या बोटाने ठसठशीत कुंकू लावलं, ते नेमकं सातच्या बटणावर. कुंकू फटीतून आत गेलं आणि बटण बसलं ते बसलंच.

"हे मशीन आहे का मारुती वं?" काकांचा आवाज कोपऱ्यावरच्या दवाखान्यापर्यंत गेला.

काकू शांतपणे म्हणाल्या, "सहा अन् एक दाबा. सातच होते."

त्याच थंडीत काकू गेल्या. काकांचा विक्षिप्तपणा मात्र वाढला. हिशेबात सात आला की सहा दाबायचा, मग अधिक, मग एक. सत्तर आले तर समोरचा माणूस बसायला जागा शोधी. लोक तोंडावर हसत, आणि त्यात मी पुढे.

शेवटी वैतागून मी बर्डीवरच्या ओळखीच्या रेडिओ मेकॅनिकला घरी घेऊन गेलो. त्याने हात मागे बांधूनच वाकून पाहिलं.

"काही नाही काका, कचरा अडकला आहे. ब्रश मारला का साफ."

काकांनी झटकन रुमाल टाकला. "नाही लागत."

"काहून पण?" मी चिडलो. "किती दिवस सहा अन् एक करून राहाल तुम्ही?"

 काकांनी रुमालाचा कोपरा वर करून मला जवळ बोलावलं. सातच्या कडेला लाल रेघ वाळून बसली होती.

"तिच्या बोटाचं आहे हे. हा त्याले कचरा म्हणून राहिला. त्या दिवशी मी तिले किती बोललो, साऱ्या गल्लीनं ऐकलं. तिनं लावलेलं आता एवढंच राहिलं गा घरात. हे पण ब्रशानं काढू?"

मला फार वाईट वाटलं. मेकॅनिक बिचारा चपला शोधू लागला. काका या खेपेला हात मागे घ्या म्हणाले नव्हते, पण माझे हात आपोआप मागे गेले होते.