कंदीलवाल्याची दुसरी पाळी

"कंदीलवाला? तो तं मी डोये मिटून पार करतो!" असं धम्मरत्नभाऊंनी वणीच्या कॉलनीत घरोघर सांगून टाकलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

धम्मरत्नभाऊ म्हणजे कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेले सरदार. सरदार म्हणजे तलवारवाला नव्हे. पाळीच्या आधी खाली उतरायचं, काठीनं छत ठोकायचं, कान देऊन ऐकायचं आणि पोकळ वाजलं की सगळ्यांना मागं घ्यायचं, हे त्यांचं काम. त्यांच्या पाळीत इतक्या वर्षांत एक माणूस दगावला नाही, याचा त्यांना अभिमान होता आणि तो खरा होता. कंदीलवाल्याचा अभिमान मात्र निव्वळ थापेवर उभा होता.

कंदीलवाला हा कॉम्प्युटरवरचा खेळ. अठ्ठ्याण्णव साली खाणीच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा कुणीतरी फ्लॉपीवरून तो त्यात घातला. खरं नाव इंग्रजी, ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. हातात कंदील घेतलेला एक माणूस जमिनीखाली अडकलाय; पळत, उड्या मारत, कडांना लोंबकळत त्याला वर आणायचं. अख्ख्या खाणीत चौथ्या टप्प्याच्या पुढं कुणी गेलं नाही. शेवटी फ्लॉपीच खराब आहे असं सर्वानुमते ठरलं. पण घरी लहानगी दीपमाला गोष्ट अर्धी राहिली की झोपायची नाही. मग भाऊंनी शेवट स्वतःच रचला: माणूस वर येतो, तर खाणीच्या तोंडाशी त्याची बायको डबा घेऊन उभी! "बाबा, तुमी सोता पाह्यलं?" लेकीनं विचारलं. "माह्या डोयानं," भाऊ म्हणाले.

तीच दीपमाला आता पुण्यात नोकरीला होती. सांगोवांगीच्या वर्णनावरून तिनं तो खेळ हुडकून काढला. नव्या रंगरूपात, नव्या कन्सोलवर तो पुन्हा निघाला होता. रविवारी वणीला येऊन तिनं सगळं घरच्या टीव्हीला जोडलं आणि म्हणाली, "बाबा, मले फक्त ते डबेवाली पाह्याची हाय."

बाई दिसली नाही, तर लेकीपुढं भाऊंची पंचवीस वर्षांची थाप उघडी पडणार होती.

भाऊंची बढाई ऐकून आलेल्या खाणीतल्या जुन्या सोबत्यांनी दुपारी चारला घरचा हॉल खचाखच भरला. सरदारांच्या वरचे साहेब, म्हणजे जुने ओव्हरमन भावसिंग राठोड घरून आपली खुर्ची घेऊन आले. पडदा उजळला. ऑफिसातल्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर आगपेटीएवढा दिसणारा तो माणूस आता हातभर उंच होता. त्याला चेहरा होता! तो घाम पुसत होता, उडी मारण्याआधी श्वास घेत होता, कडेला लोंबकळताना त्याची बोटं थरथरत होती. कंदील हलला की भिंतीवरचा ओलावा चमकायचा. असा अंधार या मंडळींनी जन्मभर पाहिला होता, पण तो इतका सुंदर असतो हे कुणी सांगितलं नव्हतं.

"हा तं दमते बे," भावसिंग हळूच म्हणाले.

तीन टप्पे भाऊंनी खरोखरच पार केले. चौथा आला. छतातून बारीक खडे पडू लागले. भाऊंनी माणसाला तत्काळ दोन पावलं मागं घेतलं, मागचं छत कोसळलं आणि माणूस गाडला गेला. हॉलमधल्या चौघांनी नकळत टोप्या काढल्या.

पुन्हा खडे, पुन्हा मागं, पुन्हा गाडला. मग कंट्रोलर हातोहात फिरला. आठ जणांनी खेळून पाहिलं, आठही जणांनी खडा पडताच मागं घेतलं आणि आठही वेळा माणूस मेला. भावसिंगनी रीतसर चौकशी बसवली. याला एकट्याला खाली कुणी पाठवलं? हेल्मेट कुठाय? छत कुणी ठोकलं होतं? अर्ध्या तासानं त्यांनी ती जागा धोकादायक जाहीर करून काम बंद ठेवायची शिफारस केली. भाऊंना आतून बरंच वाटलं. खाणच बंद, तर बाई दिसायचा प्रश्नच मिटला.

तेवढ्यात भाऊंच्या पत्नी इंदूबाई पोह्यांच्या बशा घेऊन आल्या.

"दगड मांगं पडून राह्यले, तं मांगं काहून जाता?" त्या म्हणाल्या. "पुढं पया नं."

इंदूबाई खाणीत कधी उतरल्याच नव्हत्या. त्यांनी हात पुसले, कंट्रोलर घेतला, खडा पडला आणि माणसाला सरळ पुढं पिटाळलं. मागं धडाधड छत कोसळत होतं, माणूस पळत होता आणि अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता. चौथा टप्पा पार झाला! फ्लॉपी बिचारी इतकी वर्षं निर्दोष होती.

पुढचे टप्पे मायलेकींनी मिळून सोडवले. शेवटी वर एक पांढरा ठिपका दिसला. तो वाढत गेला, माणूस बाहेर आला आणि उजेडानं दिपून त्यानं डोळ्यांवर आडवा हात धरला. हॉलमधल्या प्रत्येक म्हाताऱ्याचा हात आपसूक कपाळाशी गेला. पाळी संपवून वर आलं की ते रोज हेच करत. भावसिंग तर चक्क रडले. माणसानं कंदील विझवला आणि पडद्यावर नावं सरकू लागली.

बाई काही आली नाही.

"बाबा," दीपमाला म्हणाली, "डबेवाली?"

सगळ्या माना भाऊंकडं वळल्या. भाऊंना पोह्यांचा ठसका लागला. मित्राच्या मदतीला भावसिंग धावले.

"बेटी, पह्यल्या पायीले ते येत नसते," ते डोळे पुसत म्हणाले. "दुसऱ्या पायीले येते. उद्या पुन्हा उतरा लागते."

दुसऱ्या पाळीचं हे मंडळींना अगदी पटलं. उद्या चारलाच जमायचं ठरवून खुर्च्या तिथंच ठेवून सगळे गेले. उद्याही त्याच खेळतील या आशेनं भाऊंनी इंदूबाईंकडं पाहिलं. त्यांनी शांतपणे कंट्रोलर नवऱ्याच्या हातात ठेवला.

"उद्या तुमीच उतरा," त्या म्हणाल्या. "मी डबा घेऊन वरतं उभी राह्यतो."

दीपमाला पोट धरून हसली. तिला हे सगळं कधीपासून ठाऊक होतं, ते विचारायची भाऊंची छाती झाली नाही. आता बाई नक्की येणार होती, फक्त तिच्यापर्यंत पोचायचं बाकी होतं. त्यांनी लगेच सरावाला सुरुवात केली. छतातून पहिला खडा पडला, आणि पडद्यावरच्या माणसासकट भाऊ खुर्चीतल्या खुर्चीत वीतभर मागं सरकले.