संपतरावांचा थिंक टाइम

संपतराव कोकऱ्यांना "चहा घेणार का?" हा प्रश्न चहा झाल्यावर विचारू नये. आधण ठेवतानाच विचारून टाकावा. मग पाणी उकळतं, साखर विरघळते, चहा गाळून होतो आणि साधारण त्या सुमाराला संपतराव मान वर करून म्हणतात, "अर्धा."

मला सुरुवातीला हे ठाऊक नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यांना विचारलं, पुण्याची गाडी गेली का हो? ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. मला वाटलं, गृहस्थ शिष्ट आहे. मी खाली उतरलो, स्टँडवर जाऊन चौकशी केली, येताना टपरीवर पान खाल्लं आणि जिना चढून वर आलो, तर माझी चाहूल लागताच ते म्हणाले, "गेली." मी काय विचारलं होतं तेच मी विसरलो होतो.

फोनवर तर फार मजा. पलीकडचा माणूस तीन वेळा हॅलो हॅलो करायचा आणि कंटाळून फोन ठेवून द्यायचा. मग संपतराव त्या मुक्या रिसीव्हरमध्ये शांतपणे सांगायचे, "बोलतोय."

कानांनी ते शाबूत होते, जिभेतही काही दोष नव्हता, आणि डोक्यानं तर आमच्या सगळ्यांना पुरून उरतील असे. फक्त शब्द तोंडाबाहेर सोडण्याआधी, बाजारात वांगं घेताना बघतो तसा तो सगळ्या बाजूंनी फिरवून बघायचे. त्यात मी पडलो उतावळा. माझा शब्द पुढं पळतो आणि विचार मागून धापा टाकत येतो. त्यामुळे त्यांची वाक्यं पुरी करायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. एकदा सोमवारी मी त्यांच्या वतीनं मिसळ मागवली. प्लेट समोर आल्यावर जरा वेळानं ते म्हणाले, "आज उपास हाय." तोवर त्यांची मिसळही मीच संपवत आणली होती.

आमचं ऑफिस शिरूरला बाजार समितीच्या रस्त्यावर, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावर दोन खोल्यांत होतं. मालक सुनीलशेठ. पुण्यात काही वर्षं सॉफ्टवेअरच्या कंपनीत काढून ते गावी परतले होते. शिरूरचा कांदा जर बाहेर जातो तर सॉफ्टवेअर का जाऊ नये, हा त्यांचा सवाल होता. दोन हजार पाच-सहाचा काळ. दारावर त्यांनी झोकात पाटी लावली : वेबसाइट, सॉफ्टवेअर व लोड टेस्टिंग. खाली मोटारी दुरुस्त होतात आणि वर 'लोड टेस्टिंग' लिहिलंय म्हटल्यावर व्हायचं तेच झालं. शेतकरी जिना चढून येऊ लागले. आमच्या विजेच्या डीपीवर लोड येतोय, जरा टेस्ट करून द्या.

मी त्यांना वाटेला लावायचो. संपतराव मात्र खुर्ची द्यायचे. एका आजोबांना त्यांनी सगळी विद्या चार वाक्यांत सांगितली, अर्थात चार वाक्यांना अर्धी दुपार गेली. "आबा, सगळ्यांनी एकदम मोटारी चालू केल्या की डीपी उडतो का न्हाई? तसंच साइटचं. लोक एकदम आले की ती पडती. म्हनून आमी आधी खोटी माणसं सोडून बघतो."

ही खोटी माणसं म्हणजे व्हर्च्युअल युजर. एकाच कॉम्प्युटरमधून शेकडो सोडता येतात. साइटला वाटतं, खरीच गर्दी झाली. संपतराव त्यांना 'मेंढरं' म्हणत. त्यांच्या घरी आजोबांपर्यंत मेंढरं होती, पुढं जमीन ओलिताखाली आली आणि ऊस आला. पण भाषा राहिली. सगळे युजर एकदम सोडायला सुनीलशेठनी सांगितलं की ते म्हणायचे, "फाटकात चेंगरत्याल." मग दहा, मग वीस, मग पन्नास अशी बेतानं सोडायचे आणि शेवटचं आत जाईपर्यंत स्क्रीनवरची नजर काढायचे नाहीत.

आणि त्या कामात एक रकाना होता. त्याचं नाव थिंक टाइम. म्हणजे खोटा माणूस एक पान उघडल्यावर पुढचं बटण दाबण्याआधी किती वेळ थांबतो, ते त्यात भरायचं. आम्ही सगळे दोन सेकंद टाकून मोकळे होत असू. संपतराव तिथं तासन्‌तास रमत. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "मशीन पळतं. माणूस थांबतं." जगात एका तरी सॉफ्टवेअरनं आपला स्वभाव एक रकाना देऊन मान्य केला, याचं त्यांना मनातून सुख होत असावं.

कारण बाकी जगानं तो मान्य केला नव्हता. संपतराव चाळिशीला टेकले होते आणि त्यांचं लग्न व्हायचं होतं. माणूस निर्व्यसनी, घरी बागायत, नोकरी बसून. स्थळं येत. गाडी अडायची ती पोह्यांपाशी. मुलीचे वडील विचारायचे, किती भाऊ? संपतराव विचारात. एकुलता एक असलेल्या माणसाला त्यात विचार करण्यासारखं काय असतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण ते करायचे, आणि तोवर पाहुणे एकमेकांकडे बघायचे. न्हावऱ्याच्या स्थळानं निरोप धाडला की मुलगा चांगला आहे, पण आमची मुलगी बोलकी आहे. एकानं तर सरळ विचारलं, लहानपणी डोक्याला मार लागला होता का? हे मला त्यांच्या आईनं सांगितलं. सांगताना त्या हसत होत्या, पण मला म्हणाल्या, "माझ्या मागं ह्याच्या बोलण्याची वाट कोण बघंल, बाबा?"

अशात वधू-वर मंडळाचं काम आलं. मंडळाचे अध्यक्ष आप्पा, निवृत्त मुख्याध्यापक. वह्या-फायली बंद करून सगळी स्थळं साइटवर आणायची आणि मेळाव्याच्या दिवशी हजारो लोकांसमोर उद्घाटन करायचं, असा त्यांचा बेत. आप्पांना भीती एकच. बटण दाबलं आणि पंचक्रोशीसमोर साइट पडली तर?

खरी स्थळं अजून यायची होती, म्हणून संपतरावांनी चाचणीपुरती खोटी स्थळं तयार केली. दुसऱ्या कुणी 'मुलगी एक, मुलगी दोन' लिहिलं असतं. यांनी लिहिलं : इनामगावची सुमन, शिवणकाम येतं. शिक्रापूरचा दत्ता, कंपनीत शिफ्ट, खोली भाड्याची. असे दोनशे संसार मांडले. एक मुलगा कमी पडला तेव्हा स्वतःचीच माहिती भरली, फोटोसकट. 'अपेक्षा' या रकान्यात सगळ्यांनी गोरी, गृहकृत्यदक्ष वगैरे लिहिलेलं असतं. तिथं त्यांनी दोनच शब्द लिहिले होते : घाई नसावी.

आठवडाभर मेंढरं ही स्थळं उघडत होती, मिटत होती. कुठलं स्थळ किती वेळा पाहिलं गेलं ते साइट मोजायची. मी एकदा आकडा बघून ओरडलो, "संपतराव, चार हजार पोरींनी बघितलं की तुम्हाला!" मी जेवून हात धुतल्यावर उत्तर आलं. "मेंढरं हायती."

आणि मग शेठशी त्यांचं वाजलं. भांडण एका बारक्या गोष्टीवरून. साइटवर आत आलेला माणूस काही न करता बसून राहिला तर थोड्या वेळानं त्याला बाहेर काढायचं, असा रिवाज असतो. 'वेळ संपली, पुन्हा लॉगिन करा.' आपला सर्व्हर स्वस्तातला, रिकामटेकडे आत बसले तर जागा अडते, म्हणून शेठनी पाच मिनिटं ठरवली. संपतरावांना पाऊण तास पाहिजे होता. शेठ म्हणाले, एका फोटोकडं पाऊण तास कोण बघतं? चार दिवसांवर मेळावा आलाय, सही करा आणि विषय संपवा. चाचणीच्या कागदावर संपतरावांची सही लागायची. ते पेन हातात घेऊन बसले. शेठ चिडून बाहेर गेले, परत आले, तरी पेन तसंच.

मग ते बोलले. आयुष्यात मी त्यांचं ऐकलेलं सर्वांत लांब भाषण ते.

"शेठ, हे काय गाडीचं तिकीट काढायचं न्हाई. आधी बाप बघतो, जमीन किती. मग आई फोटू बघती. मग दोघं आत जाऊन बोलत्यात. पोरीचा नंबर सगळ्यात शेवटी. आन् तिचा नंबर आला की तुम्ही तिला भाईर काढनार?"

शेठ म्हणाले, मग सर्व्हर पडला तर जबाबदारी तुमची. संपतरावांनी सगळी साइट पुन्हा उसवली, बसून राहिलेला माणूस कमीत कमी जागा घेईल अशी शिवली, आणि अर्धी मेंढरं नुसती आत बसवून, अर्धी पळवून परत चाचणी घेतली. एवढ्यात लाइट गेली, इन्व्हर्टर कण्हू लागला. पण साइट उभी राहिली. तेव्हा कुठं त्यांनी सही केली.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी खोटी स्थळं पुसायची होती. सुमन गेली, दत्ता गेला, सगळे गेले. यादी तपासताना मला एक नाव दिसलं. मी म्हणालो, "संपतराव, तुमचं एक राहिलंय. पुसू?" माझं बोट बटणावरच होतं. ते काही बोलेनात. मी सवयीनं म्हणणार होतो, पुसतो मग, पण त्यांचा चेहरा बघून थांबलो. ते माझ्याकडे बघत नव्हते, स्वतःच्या फोटोकडे बघत होते. फार वाईट वाटलं मला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. आणि पाहणाऱ्यांचा तो चार हजारांचा आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसून शून्य केला.

मेळावा दणक्यात झाला. साइट काही पडली नाही, मांडवाची एक कमान तेवढी पडली. आप्पा सगळ्यांना सांगत सुटले की आमच्या साइटला कोकऱ्यांनी राखण दिली आहे. पुढं महिना-दीड महिना गेला आणि आप्पाच एक दिवस जिना चढून आले. दौंडहून निरोप आला होता, संपतरावांसाठी. मुलगी मंगल, शाळेत प्रयोगशाळा सांभाळते, वडील नाहीत, मामा रेल्वेतून निवृत्त. जायचं ठरलं. आप्पांनी मला बाजूला घेऊन बजावलं, "तू बरोबर चल. तो अडला की तू बोल. या वेळी स्थळ हातचं घालवायचं न्हाई."

आप्पांच्या जीपमधून आम्ही दौंडला गेलो. रुळांपासून जवळ घर. पोहे आले, मंगलताई समोर बसल्या. मामा प्रश्न विचारत होते आणि मी फटाफट उत्तरं देत होतो. भाऊ? एकुलते एक. ऊस? हाय की. व्यसन? सुपारीसुद्धा न्हाई. मामांना वाटायला लागलं असणार की मुलगा मीच आहे. आप्पा खूश दिसत होते. संपतराव बशीकडे बघत होते.

मग मामांनी भाचीला विचारलं, "मंगल, तुला काय इचारायचंय का?"

मंगलताईंनी मान वर केली. ओठ किंचित हलले, पण शब्द येईना. मामा आमच्याकडे बघून कसनुसं हसले. मला ते हसू ओळखीचं वाटलं, अशा वेळी मीही असाच हसतो. "लाजतीय जरा," ते म्हणाले, "तिला तसं काय इचारायचं—"

"थांबा मामा. त्या बोलत्यात."

हे कोण बोललं म्हणून मी मागं पाहिलं. संपतराव बोलले होते. मामांचं वाक्य संपायच्या आधी.

सगळे थांबलो. मंगलताईंनी घ्यायचा तेवढा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "तुमची म्हायती मी नेट कॅफेत बसून वाचली. दोनदा. बाकीच्या साइटी मधीच भाईर काढायच्या. ही न्हाई काढत."

मला सगळं ठाऊक होतं. पाऊण तास, सर्व्हर, शेठचं भांडण, सगळं जिभेच्या टोकावर येऊन उभं होतं. आप्पा डोळ्यांनी मला खुणावत होते, बोल, बोल. मी चमचाभर पोहे तोंडात कोंबले आणि गप्प बसलो. पोहे पार निवले होते. बाहेरून एक मालगाडी जायला लागली. दौंडची मालगाडी, तिचे डबे संपता संपत नाहीत. मंगलताई संपतरावांकडे बघत होत्या. पदराशी चाळा नाही, चुळबुळ नाही. नुसत्या वाट बघत होत्या. संपतरावांच्या आईशिवाय त्यांची अशी वाट बघणारं दुसरं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

गाडी गेली. खिडकीचे गज थरथरायचे थांबले.

"ते मीच केलंय," संपतराव म्हणाले.

पुन्हा बराच वेळ गेला. या वेळी कुणालाच घाई नव्हती, मामांनासुद्धा.

"वाटलंच मला," मंगलताई म्हणाल्या.