कामगंधाच्या गोळ्या आणि लखीरामचा मान

साल दोन हजार एकोणीस. नेरजवळच्या तांड्यात धुरपताबाईंच्या नातीला, बबिताला, पाहायला उमरखेडहून पाव्हणे येणार होते. धुरपताबाईंनी तांडाभर सांगून ठेवलं होतं, "सोयरीक आजच पक्की करते! नाई केली तर नाव बदला माह्यं!"

त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यातून किडीचा विषय निघाला की विचारूच नका! तुरीला राख, गव्हाला कडुलिंबाचा पाला. साठ वर्षांत त्यांच्या कणगीत सोंडा शिरला नव्हता. म्हणून तर कृषी सहायक धर्मपाल कपाशीत लावायचे कामगंध सापळे आणि त्यांतल्या रबरी गोळ्या द्यायला आला, तेव्हा त्याला बोलूच दिलं नाही.

"आजी, ह्या गोळ्यांनी..."

"किडीचं मले सांगतं का रे? तू पाळण्यात होता तवापासून कीड मारून राह्यले मी!"

किडीच्या गोळ्या म्हणजे डांबरगोळ्यांच्या सख्ख्या बहिणी! धुरपताबाईंनी त्या थेट लोखंडी पेटीत, पाव्हण्यांसाठी आणलेल्या दुपट्टा-टोपीच्या घडीत ठेवल्या. कसर लागायला नको!

एसटीच्या कृपेने पाव्हणे पोचले ते दिवेलागणीला. नवरदेव देवीलाल, त्याचे वडील लखीराम. धुरपताबाईंनी लखीरामला दुपट्टा पांघरला, टोपी चढवली. बबिताने चहा आणला. तेवढ्यात एक पतंग टोपीवर बसला. मग चार. मग दहा! तांड्याच्या चहूबाजूंनी कपाशी. घटकाभरात लखीरामचं डोकं मोहोळासारखं दिसू लागलं. तो बाजेवरून उठून दाराशी गेला, तर पतंग वऱ्हाडासारखे मागोमाग!

"हे काय होऊन राह्यलं, बाई? हे माह्याच मांगं काहून?"

"मान असते हा, पाव्हणे! मोठा माणूस पाहूनच बसते ते!"

देवीलालने एक पतंग चिमटीत धरला. "बाबा, हा तर बोंडअळीचा नर! मादीच्या वासानं येते हा."

लखीरामने दचकून स्वतःची काख हुंगली. "मादीचा वास? मले?"

"आजी," बबिता हळूच म्हणाली, "धर्मपालदादाच्या गोळ्या कुठी ठेवल्या?"

धुरपताबाई पदराने टोपीवरचे पतंग झटकू लागल्या.

चहात पतंग पडला, आणि लखीरामचा संयमही संपला. "चाल रे देवीलाल! ज्या घरात एवढी कीड, तिथली पोरगी नाई करायची."

बबिताचा चेहरा पडला. धुरपताबाईंनी तो पाहिला, आणि साठ वर्षांचा तोरा आवंढ्यासारखा गिळला.

"बसा पाव्हणे. घरात कीड नाई. माह्यात अक्कल नाई! नर पतंग पकडायच्या, मादीच्या वासाच्या गोळ्या मीच डांबरगोळ्या समजून तुमच्या दुपट्टा-टोपीत ठेवल्या."

 लखीराम इतका हसला की टोपी खाली पडली.

"म्हणजे एवढे नवरदेव मले पाहायले आलते? बाई, आमचा एकच नवरदेव घ्या अन् हे बाकीचे आवरा!"

सोयरीक त्याच बाजेवर ठरली.

बबिता-देवीलालचा उमरखेडला छान संसार चालला आहे. लखीराम ही गोष्ट पंगतीपंगतीत सांगतो. तेव्हाचे तीस पतंग आता तीनशेवर गेलेत. धर्मपालची मारेगावला बदली झाली. तिथे गोळ्या वाटताना तो आधी बजावतो, "पेटीत ठेवायच्या नाहीत, आजी!" समोर मिशीवाले बाप्ये असले तरी.

आणि धुरपताबाई? लग्नाच्या धांदलीत त्या गोळ्या वावरात लावायच्याच राहिल्या. त्या साली त्यांचा निम्मा कापूस अळीने खाल्ला!