आखूड झालेलं स्टेशन

चाळीस वर्षं ज्यांनी सुटाचं कापड कापलं, त्यांना प्लास्टिक कापायला वेगळी अक्कल लागते असं कोण सांगणार? दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून टेलरकाकांनी पुढच्या खोलीत छोट्या आगगाडीचे रूळ मांडले होते. त्या रुळांकाठी काकूंच्या माहेरचं स्टेशन उभं करायचं, असा त्यांचा हट्ट होता. काकूंचे वडील तिथे स्टेशनमास्तर. ते स्टेशन कधीच पाडलं गेलं, आणि उद्या काकूंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

विकतच्या संचातलं स्टेशन दुमजली निघालं. काकांनी बारीक करवतीने वरचा मजला उतरवला, भिंती नव्या मापाने कापल्या; आणि जित्याची खोड, प्रत्येक भिंतीला शिवणीसाठी अर्धा सेंटिमीटर जास्त सोडला.

प्लास्टिकला कसली शिवण? भिंती लांब झाल्या, छप्पर आत पडू लागलं. मग त्यांनी डावी भिंत छाटली. ती जरा जास्तच छाटली गेली, म्हणून उजवी तिच्या मापाची केली. आता छप्पर मोठं झालं.

"अहो, जेवायला येताय ना?"

"आलोच. फिटिंग चाललंय."

संध्याकाळपर्यंत सामानाची खोली गेली, मास्तरांचं ऑफिस गेलं. उरली तिकीटखिडकीची काडेपेटीएवढी खोली. काकू आल्या तशी काकांनी ती मुठीत लपवली. काकूंनी एकेक बोट उघडलं.

"हे काय?"

"तुझं स्टेशन. आखूड झालं. आता उद्या तुला काय देऊ?"

काकूंनी चष्मा लावला. खोली रुळाकाठी ठेवली आणि खिडकी काकांच्या खुर्चीकडे वळवली.

"बाबांच्या कोटाचं माप घ्यायला आलात, तेव्हा याच खिडकीतून बघितलं मी तुम्हाला. बाकीचं स्टेशन तेव्हा कुठे दिसत होतं मला?" त्या हसल्या. "तो कोटही असाच आखूड केलात. तुम्हाला तीनदा यावं लागलं. बाबा म्हणायचे, पोरगा भला आहे, पण हात कच्चा."

काकांनी एवढी वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट आता बाहेर आली.

"तो मुद्दाम केला होता."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "आणि हे?"

"हे खरंच चुकलं."