दौलतमामांचा कागद

रोग्याला औषध देण्याआधी दौलतमामा त्यातला एक घोट स्वतः प्यायचे. मग दवाखान्याच्या ओट्यावर गप्प बसायचे आणि रोगी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचे. एरंडेलाचे तीन रोगी एकाच दिवशी आले, की दुपारनंतर दवाखाना बंद!

माझे हे मामा आमगावाजवळच्या एका खेड्यात कंपाउंडर होते. त्यांचा कशावरच विश्वास नव्हता. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाही, स्टेशनातल्या घड्याळावर नाही, माझ्यावर तर नाहीच. "यात काहीतरी आहे गा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी नागपूरला डॉक्टरीच्या पहिल्या वर्षाला होतो आणि सुट्टीत मामांकडे आलो होतो. तिकडे डॉक्टरांची मोठी परिषद भरणार होती, आणि आमच्या मास्तरांनी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही मागे बसायची परवानगी दिली होती. मामांचे कान टवकारले.

"रोगी सारे गावात अन् डाक्टर सारे नागपुरात! मंग ते तपासून कोनाले रायले? अन् तू तं अजून हाडंच मोजून रायला. तुले तिथं का समजन?"

"चहाही देणार आहेत, मामा."

"फुकटचा चहा कोनी काऊन पाजते? यात काहीतरी आहे गा."

आठवडाभर त्यांनी मला अडवून धरलं. मी चिडलो, एक वेळ जेवलो नाही. आणि आठव्या दिवशी स्वतःच मला स्टेशनावर सोडायला आले. गाडी हलताना एक घडी केलेला कागद त्यांनी माझ्या खिशात कोंबला. "तिथल्या सर्वात म्हाताऱ्या डाक्टरले इचारजो. नाव नको सांगजो."

गाडीत मी तो उघडला. 'पस्तीस वर्षांची बाई. तीन दिवस ताप. दहा ग्रेन कोयनेल, दिवसातून तीनदा. चौथ्या दिवशी बेशुद्ध, संध्याकाळी गेली. चूक कोणाची?'

मामी जाऊन बारा वर्षं झाली होती. मामांनी तिचं नाव कधी काढलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, माणूस कोरडा आहे. मला माझीच लाज वाटली.

परिषदेतलं मला ओ की ठो कळलं नाही. एका व्याख्यानात तर मी घोरलो म्हणे. चहाच्या वेळी मात्र एका पांढऱ्या मिशांच्या डॉक्टरांना गाठलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"औषध दिलं कोणी?"

"तिच्या नवऱ्यानं."

"त्याला सांग, ताप मेंदूत चढला होता. औषध बरोबर होतं. मी असतो तरी हेच दिलं असतं."

परतल्यावर मामांनी माझी उलटतपासणीच घेतली. "हे तो बोलला, का तू मनानं सांगून रायला? मिशा होत्या? कशा? कागद वाचला का नुसता पाहिला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी पुन्हा सांगायला लावलं, हळू. तिसऱ्यांदा सांगताना ते भिंतीकडे तोंड करून बसले होते.

"उद्या केशोरीले जाऊ," ते म्हणाले. "तुह्या मामीची माय हाये तिथं. बारा वर्सं मी तिच्या दारात गेलो नाही गा. तूच सांगजो तिले."