बिननावाची बाटली

दुसरी रेघ उमटायला चाळीस सेकंद लागले. पहिलीपेक्षा ती किंचित जाड होती आणि कडेला जराही फिसकटलेली नव्हती. चौदा वर्षं लॅबमध्ये इतर बायकांच्या पट्ट्या वाचणाऱ्या तिला वाटलं, नऊ दिवस चुकलेल्या पाळीच्या मानानं ही रेघ जरा जास्तच ठसठशीत आहे. मग आठवलं, की पट्टी आपली आहे, आणि ती स्टुलावर बसली.

सकाळी आल्या आल्या तिनं आपल्या लघवीच्या नमुन्याची बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, डावीकडे ठेवली होती. कुणी वाचू नये म्हणून वर नाव लिहिलं नव्हतं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर घाईघाईनं त्याच जागेवरची बाटली काढून तिनं तपासणी उरकली होती.

धाकटीच्या पाठोपाठ, अकरा वर्षांपूर्वी, तिचं कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालं होतं. खरं तर नवऱ्याचं व्हायचं होतं, पण त्या आठवड्यात त्याला सर्दी झाली. ऑपरेशननंतरही दोनशेत एखादीला दिवस जातात, हे तिला पाठ होतं. ती एखादी कोण असते, हा प्रश्न मात्र कधी पडला नव्हता.

घरी टॉवेलांच्या थप्पीखाली लॅबच्या मुख्य ऑफिसचं एक पत्र होतं. दुसऱ्या शहरात सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि परतल्यावर लॅबचं प्रमुखपद. पत्र येण्याचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी थोरलीची परीक्षा आडवी आली, दुसऱ्या वर्षी सासूबाईंचा गुडघा. यंदा होकार कळवायची मुदत उद्या संपत होती आणि तिनं घरात अजून तोंड उघडलं नव्हतं. आता उघडायचं कारणही उरलं नव्हतं. तिनं नवऱ्याला फोन लावला.

नवरा बसडेपोत गाड्यांची वेळापत्रकं आखायचा. दोन्ही हात पट्टी-पेन्सिलीत अडकलेले, म्हणून त्याचा फोन कायम स्पीकरवर असे.

"अहो, मला दिवस गेलेत."

पलीकडे एका बसचा हॉर्न वाजला. मग कुणीतरी म्हणालं, "अभिनंदन, वहिनी." त्याच्यामागून आणखी चार-पाच अभिनंदनं आली.

"अगं, पण तो रूट तर आपण बंद केला होता ना?" नवरा म्हणाला.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. एका ड्रायव्हरची आई त्यांची फिरायला जायची सोबतीण होती, त्यामुळे बातमी तिच्या आधी येऊन बसली होती.

"गाठ मारली म्हणालेलीस ना?"

"हो, आई."

"मग सुटली कशी? मी साधी पिशवीला गाठ मारली तरी कात्री आणावी लागते."

"क्वचित वाट पुन्हा जुळते, आई."

"म्हणजे याची सर्दी अकरा वर्षांनी बाधली म्हणायची."

सर्दीवाला तेवढ्यात आत आला. त्याच्या काखेत कागदाची गुंडाळी होती. जेवणाच्या टेबलावर त्यानं ती उलगडली. प्रत्येकाला एक रकाना होता आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या ओळी.

"साडेसहा, दूध, मी. सात ते नऊ, स्वयंपाक, मी आणि थोरली. नऊ ते दोन, घर आणि दुपारचं जेवण, आई. कपडे, धाकटी."

"तुला स्वयंपाक कुठं येतो?" सासूबाईंनी विचारलं.

"शिकेन. माणूस बस चालवायला शिकतोच की."

"बाबा, तुला बसही येत नाही," धाकटी म्हणाली.

"आई, तुमचा गुडघा?" तिनं विचारलं.

"गुडघ्याचं काय घेऊन बसलीस. कुरकुरतो आणि चालतो."

थोरलीनं आपली खोलीसुद्धा देऊ केली. डेपोत सह्या झाल्याशिवाय वेळापत्रक लागू होत नाही, म्हणून चौघांनी खाली सह्या केल्या. तिच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता, 'विश्रांती'. तीन वर्षं शोधून न सापडलेली ही माणसं एका रेघेसरशी कुठून उगवली, हे तिला कळेना.

दुसऱ्या दिवशी सगळी वरात दवाखान्यात. "ऑपरेशननंतर दिवस गेले तर गर्भ नळीत अडकलेला असू शकतो. ते जिवावर बेततं," म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिला सोनोग्राफीला पाठवलं, रक्तही घ्यायला लावलं. तासाभरानं चष्मा कपाळावर सरकवत त्यांनी दोन्ही रिपोर्ट पुढे केले.

"पोटात काही नाही, रक्तातही काही नाही. चाळिशीनंतर पाळी लहरी होते. कुठल्या लॅबनं सांगितलं तुला हे? तिकडे पुन्हा पाऊल टाकू नकोस."

"मी तिथेच कामाला आहे," ती म्हणाली आणि बाहेर येऊन तिनं आपल्या मदतनीस बाईला फोन केला.

"काल फ्रिजमध्ये खाली डावीकडे एक बाटली होती..."

"बिननावाची? ती सकाळीच फेकली, मॅडम. तुमचाच नियम, नाव नाही तर नमुना नाही."

"मग दुपारी तिथे कोणती होती?"

"काउंटरवालीची. सातवा महिना लागलाय ना तिला, पट्ट्या नीट चालतात का बघायला दर आठवड्याला आपला नमुना देते की. चिठ्ठी होती तिच्यावर. भिंतीकडे वळली असेल."

चौदा वर्षांत तिनं एकदाच चिठ्ठी न वाचता बाटली उचलली होती.

बाकावर चौघं ओळीनं बसले होते. तिनं सगळं सांगितलं. "बरंच झालं," नवरा म्हणाला, पण सुरात दम नव्हता. सासूबाईंनी गुडघ्यावर हात ठेवला. "कालपासून ठणकतोय मेला." थोरलीनं आपली खोली आपलीच राहिल्याची खात्री करून घेतली. नवरा कागद गुंडाळायला लागला.

तिनं कागदाचं दुसरं टोक धरलं.

"सह्या झाल्यात ना याच्यावर?"

"झाल्यात. पण ते बाळासाठी होतं."

"बाळाचं नाव कुठं आहे यात? दूध आहे, स्वयंपाक आहे, कपडे आहेत. आणि माझ्या रकान्यात कामच नाही. म्हणजे मी नसले तरी तुमची एकही गाडी चुकत नाही."

"नसलीस तरी म्हणजे?"

मुदत संपायला पाच तास होते. तिनं कागद सरळ केला आणि बाकावर सगळ्यांना दिसेल असा पसरला.

"मी सहा महिने ट्रेनिंगला जातेय."