मगदुमांच्या पावडरीचा तंटा

मालती मगदूम यांच्या प्रोटीन पावडरीने दुधात विरघळायला नकार दिल्याचा अर्ज सोमवारी तंटामुक्ती समितीकडे आला. अर्ज पावडरीनेच केला होता.

समितीचा सचिव मी. बांधाचे, गटारीचे, भाऊबंदकीचे असे एकशे बारा तंटे मी नोंदवले आहेत, पण इतका नीट अर्ज आजवर पाहिला नव्हता. समास सोडलेला, तारीख घातलेली, विषय एका ओळीत. आमचे ग्रामस्थ यातून काही शिकतील ही आशा मी केव्हाच सोडली आहे.

प्रकरण असं होतं. मालतीवहिनींचे यजमान शंकरराव दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. वजन चौऱ्याहत्तर किलो. सकाळी त्यांना खाटेवरून खुर्चीत बसवायला शेजारचा दत्तू लागतो, आणि दत्तू महिनाअखेरीस मुलाकडे पुण्याला कायमचा निघाला होता. दिरांनी सांगून टाकलं होतं, वहिनींना एकटीने उचलता आलं तर ठीक, नाहीतर दादाला शहरातल्या संस्थेत ठेवायचं. गाडीही ठरवून ठेवली होती. म्हणून बावन्नाव्या वर्षी वहिनी साडीवर बूट घालून तालमीत जाऊ लागल्या आणि वाळूची पोती उचलू लागल्या.

वस्ताद रियाज मुजावर यांनी त्यांना व्यायामाआधी पाण्यातून आणि नंतर दुधातून पावडर घ्यायला सांगितलं. आधी घेतलं तर दूध पोटात जड बसतं, नंतर घेतलं तर अंगी लागतं, असं त्यांचं म्हणणं. पाण्याचं जमलं. दुधात मात्र पावडर गुठळ्या करून बसायची. वहिनी साठ किलोच्या पोत्यावर अडल्या, आणि दिवस उरले अकरा.

सुनावणी बुधवारी झाली. पावडरीचा डबा खुर्चीवर ठेवला. झाकण उघडं, कारण बंद झाकणाआडून बोललेलं इतिवृत्तात घेता येत नाही. समोर तांब्यात दूध आणि कळशीत पाणी. ताक कुणी बोलावलं नसताना आलं होतं, त्याला मागे बसवलं.

अध्यक्ष बाळासो चौगुले यांनी पहिलाच मुद्दा काढला की डब्यावरच्या तारखेप्रमाणे पावडर सात महिन्यांची, म्हणजे अज्ञान. अर्जावर पालकाची सही हवी. पालक शोधायला गेलो तर पावडर दुधापासूनच झालेली. म्हणजे पालक दूध, आणि तक्रार दुधाविरुद्धच. अर्धा तास त्यातच गेला. शेवटी मी लक्षात आणून दिलं की डब्यावर आयुष्यही अठराच महिने छापलं आहे, तेव्हा सात महिन्यांची पावडर चांगली जाणती समजावी. ठराव मंजूर झाला. सूचक म्हणून माझं नाव घातलं नाही. इतिवृत्त मीच लिहितो, बरं दिसत नाही.

पाण्याचा जबाब थोडक्यात आटोपला. कुणीही आलं तरी 'कोण, कुठलं' असं आपण विचारत नाही, असं ते म्हणालं.

"म्हणूनच पाण्यात जाते मी," पावडर म्हणाली. "दूध माझं माहेर. मला तिथून काढलं, वाळवलं, चॉकलेटचा वास लावला, परगावी पाठवलं. त्याबद्दल तक्रार नाही. पण परत गेले की ते विचारतं, कोण तू?"

हे खरं का, असं अध्यक्षांनी दुधाला विचारलं. दूध घरच्या म्हशीचं, त्याच सकाळचं, साधंभोळं.

"खरं हाय," ते म्हणालं. "आमच्यात असं कोरडं कुणी न्हाई. मला आठवंना, त्याला मी काय करू?"

बाळासोंनी दुधाला ओळखण्याचा प्रयत्न करण्याची समज दिली. दुधाने दोनदा प्रयत्न केला. जमलं नाही. समज दिल्याने ओळख पटते असा समितीचा अनुभवही नाही. वस्तादांनी दोघांना एका डबीत घालून जोरात हलवायचं सुचवलं, पण ती बळजबरी ठरली असती, आणि बळजबरीच्या बाबी पोलीस पाटलांकडे जातात.

'तंटा मिटत नाही' असा शेरा मी लिहायला घेतला. एकशे बारा तंट्यांत हा शेरा एकदाही लिहिला नव्हता आणि वहिनींकडे बघून तो लिहवेना. तेवढ्यात त्या उठल्या, पदर सारखा केला आणि अध्यक्षांकडे न बघता डब्यासमोर जाऊन बसल्या.

"आमचं मालक मला वळखत न्हाईत," त्या म्हणाल्या. "दीड वरीस झालं. रोज सकाळी इचारत्यात, बाई, तुम्ही कुणाच्या? मी सांगती, हितलीच. आन दत्तूला हाक मारून त्यास्नी उठवती."

मला वाईट वाटलं, हे मी कबूल करतो. ताकसुद्धा मागून पुढे सरकलं.

"हितलीच म्हणायचं?" पावडरीने विचारलं.

"तेवढं पुरतं," वहिनी म्हणाल्या.

निकाल मी लगेच लिहिला, कुणाचं मन बदलायच्या आत. व्यायामाआधी पाणी, नंतर दूध. दुधावर ओळखण्याची सक्ती नाही, विचारण्याची मुभा आहे. विचारल्यास पावडरीने उत्तर द्यावं.

अकराव्या दिवशी अंमलबजावणी तपासायला मी सकाळीच मगदुमांकडे गेलो. दत्तू आदल्या दिवशी गेला होता. दारात गाडी उभी होती, दीर पुढच्या सोप्यात चपला घालूनच बसले होते. वहिनी तालमीतून आल्या, हातपाय धुतले, खाटेपाशी गुडघे वाकवून यजमानांच्या काखेतून हात घातले. एकदा थांबल्या. मग उचललं, खुर्चीत बसवलं आणि त्यांच्या पायांखाली पाट सरकवला. दिरांनी बाहेर जाऊन गाडी परत पाठवली.

शंकररावांनी मला खुणेने जवळ बोलावलं.

"ही बाई कोण हाय हो?" त्यांनी विचारलं. "जोर लई हाय हिला."

सचिवाने कुणाची बाजू घ्यायची नसते.

"हितलीच," मी म्हणालो.

आत वहिनींनी काचेच्या पेल्यात दूध ओतलं, वर पावडर टाकली. दुधाने विचारलं, पावडरीने सांगितलं. मी पेला उजेडात धरून तळ पाहिला, नोंदवहीत 'गुठळी नाही' असं लिहिलं आणि दूध, पावडर आणि वहिनी अशा तिघांच्या सह्या घेतल्या.